मटण-चिकन कमी करून घरखर्च खाली आणायचाय, सहा माणसांना पुरेल असं शाकाहारी काय काय करता?

अनगोळची_सून:
नमस्कार सगळ्यांना. आम्ही बेळगावात अनगोळला असतो, घरात सहा माणसं, सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी नववीत आणि धाकटा चौथीत. आमच्यात बुधवारी चिकन, रविवारी मटण नाहीतर मासे आणि मधे एकदा अंड्याची आमटी असं ठरलेलंच असतं, सोमवार गुरुवार शनिवार वार पाळतो म्हणून ते दिवस आपोआप शाकाहारी जातात. पण आता मटण किलोला सातशेच्या वर गेलंय आणि एक किलो आणलं तरी सहा माणसांत दोन्ही वेळेला पुरत नाही, वर तेल, खोबरं, मसाला वेगळाच. मुलीच्या क्लासची फी पण यंदापासून सुरू झालीय. म्हणून ठरवलंय की मटण महिन्यातून एकदाच आणायचं आणि बुधवारचं चिकन बंद.

आता त्या जागी करायचं काय? मैत्रीण म्हणते पनीर कर, मशरूम कर, पण पनीर पण किलोला चारशेच्या आसपास पडतं, मग वाचलं काय त्यात? आणि नुसतं वरणभात-भाजी केली की सासरे विचारतात "आज काय केलं नाही होय?" त्यांना ताटात रस्सा लागतोच, धाकटा भाजी सगळी बाजूला सारतो. मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, भट्टीजवळ उभं राहून काम, त्यांना अंगात ताकद राहील असंच जेवण पाहिजे, पालेभाजी-भातावर भागवायचं मला पटत नाही. सासूबाईंना शुगर आहे ते वेगळं.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं सांगा, जे आपल्या बाजारात मिळतं त्यातलं. रेशनचा तांदूळ पण बराच येतो, तो तुम्ही कसा वापरता तेही सांगा की.

वडगावची_काकू:
अगं पोरी, पनीर-मशरूमचा नाद सोड. आपल्याकडं अख्खा मसूर असताना पनीर कशाला पाहिजे? हायवेवरच्या धाब्यावर लोक पैसे मोजून तेच खातात आणि घरात केला तर म्हणतात डाळच आहे. फरक आहे तो करण्यात. मी सांगते तसा एकदा बुधवारी कर आणि कुणाला काही सांगू नकोस, नुसतं वाढ.

सहा माणसांना तीनशे ग्रॅम मसूर बस्स होतो. जवारी म्हणजे गावरान मसूर मिळाला तर तोच घे, दाणा बारीक असतो पण चव वेगळी, आपल्या येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भात निघाल्यावर करतात तो. तासभर भिजव, मग कुकरला दोन-तीन शिट्ट्या, दाणा बोटात दाबला की मऊ लागला पाहिजे पण फुटायला नको, त्याचा गोळा झाला की मजा गेली. तेवढ्या वेळात कढईत तेल जरा सैल हातानं घाल, इथं काटकसर करू नकोस, जिरं, भरपूर लसूण ठेचून, आणि तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरून तांबूस होईपर्यंत परत. घाईत गुलाबी झाल्यावर थांबतात आणि मग म्हणतात चव येत नाही. कांदा तांबूस व्हायला वेळ लागतो तो लागू दे. मग आलं, दोन टोमॅटो, ते पार विरघळून कडेनं तेल सुटलं की चटणी घाल, म्हणजे आपली कांदा-लसूण मसाल्याची. मी ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी मिरची तिखटाला अशी मिसळून करून ठेवते वर्षाची. चटणी तेलात परतली की मसूर त्याच्या पाण्यासकट घाल, मीठ, आणि बारीक आचेवर झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं उकळू दे. वरून कोथिंबीर. सासऱ्यांना रस्सा लागतो म्हणतेस तर त्यांच्यासाठी थोडा पातळ ठेव, तर्री वर आली पाहिजे. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. काही मागणार नाहीत बघ.

खर्च म्हणशील तर मसूर तीस-पस्तीस रुपयांचा, कांदा टोमॅटो तेल धरून शंभराच्या आत सगळं घर जेवतं.

आणि वाटपाचं लक्षात ठेव. मटणाला जे वाटप करतेस, कांदा-सुकं खोबरं भाजून, तीळ, खसखस, धणे, तेच वाटप मटकीला, पावट्याला, काळ्या वाटाण्याला, भरल्या वांग्याला चालतं. घरातली माणसं मटण मागतात तेव्हा निम्मं मन त्या रश्श्यावर असतं. रस्सा तोच ठेव, आत काय आहे ते बदल.

चिकोडीकर:
काकूंचं मसुराचं शंभर टक्के बरोबर आहे. पण एक गोष्ट बोलतो, शाकाहारी म्हणजे स्वस्त हे सरसकट धरून चालू नका ताई. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला होता ते सगळ्यांना आठवत असेल, पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी हातात घ्यायची भीती वाटते, गवार भेंडी ढबू मिरची रोज घेतली तर सहा माणसांना एका वेळेला शंभर-सव्वाशेची नुसती भाजी जाते आणि त्यात पोट भरणारं काहीच नसतं. मी घरचा बाजार स्वतः करतो म्हणून सांगतो, पैसा वाचतो तो कडधान्य आणि डाळीनं, ताज्या भाजीनं नाही. भाजी ही तोंडी लावायला, हंगामात जी स्वस्त असेल ती. आमच्याकडे ठरलेलं आहे, बाजारात जाऊन बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं, घरातून यादी करून जायचं नाही. वांगी स्वस्त असली की वांगी, मेथी ढिगानं आली की मेथी. आठवडी बाजारात संध्याकाळी उशिरा गेलात तर शेतकरी माल परत न्यायला नको म्हणून कमी भावात देतात, फक्त पालेभाजी बघून घ्या, पेंडीच्या आत पिवळी पडलेली असते.

दुसरं म्हणजे चटण्या. शेंगाची चटणी, कारळ्याची, जवसाची, तीन डबे भरलेले असले की भाजी कमी लागते. शेंगाच्या चटणीत ताकद पण आहे, धाकट्याला भाकरीवर तूप आणि ती चटणी दिली की तो भाजी बाजूला सारायचा प्रश्नच येत नाही. आमच्या भागात ज्वारी-भाकरी, झुणका, चटणी आणि दही हेच कष्टकऱ्याचं जेवण आहे आणि त्यावर माणसं दिवसभर ऊस तोडतात.

मात्र फाउंड्रीच्या कामाचं तुम्ही लिहिलंय म्हणून माझं मत, मटण एकदम बंद न करता पंधरा दिवसाला अर्धा किलो आणा आणि त्यात बटाटे घालून रस्सा वाढवा. एकदम बंद केलं की माणूस बाहेर जाऊन खातो आणि तो खर्च घरखर्चाच्या वहीत दिसत नाही.

आहार_शिक्षिका:
मी आहारशास्त्र शिकवते, बेळगावातच. ताकदीचा जो मुद्दा आहे तो जरा आकड्यात मांडते कारण सगळ्यांच्या मनात तीच भीती असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एक किलो चिकन सहा जणांत वाटलं तर हाडं वजा जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. आता काकूंचा मसूर घ्या. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात २२ ते २५ ग्रॅम, म्हणजे तीनशे ग्रॅम सहा जणांत वाटला की माणशी बारा ग्रॅम, त्याबरोबर शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तर आणखी दहा, झाले बावीस. वर दही किंवा शेंगाची चटणी. म्हणजे भाकरीसकट त्या जेवणात नुसत्या चिकनच्या वाट्याएवढी प्रथिनं होतात. शिवाय डाळीत जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात जे कमी असतं ते डाळीत, म्हणून भाकरी-उसळ, वरण-भात ही जोडीच खायची, नुसती उसळ किंवा नुसता भात नको. घरोघरी चूक होते ती इथं, की आमटी इतकी पातळ करतात की सहा माणसांत मूठभर डाळ असते आणि ताट भाताचं असतं. शाकाहारी करायचं ठरवलं तर डाळीचं माप वाढवलंच पाहिजे. मिस्टर भट्टीजवळ काम करतात, त्यांना घाम जातो, त्यांच्या डब्यात उसळ घट्ट द्या आणि मीठ घातलेलं ताक वेगळं द्या.

सोयाबीनच्या वड्या विसरू नका, शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रथिनं असतात आणि इतक्या स्वस्तात एवढी प्रथिनं दुसऱ्या कशात सहज मिळत नाहीत. गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळल्या की तो वास जातो, मग काकूंच्या मटणाच्या वाटपात घाला. बारीक चुरा मिळतो त्याचा खिमा धाकट्याला नक्की आवडेल.

अंडी मात्र बंद करू नका, ही माझी विनंती. बी-बारा जीवनसत्त्व डाळीत, भाजीत, धान्यात नसतं, ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यातूनच येतं. मांसाहार कमी केला की दूध-दही-अंडी नियमित राहिली पाहिजेत, मटणाच्या मानाने अंडं खूपच स्वस्त आहे. मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असतील तर २०२४ पासून कर्नाटकात दुपारच्या जेवणाबरोबर आठवड्याचे सहा दिवस अंडं देतात, न खाणाऱ्यांना केळं, ते मुलं खरंच खातात का ते विचारा.

नववीतल्या मुलीचं लोह बघा. मांसातलं लोह अंगाला पटकन लागतं, डाळी-पालेभाजीतलं कमी लागतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळून द्यायचं, मोड आणून करायची आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा द्यायचा नाही. सासूबाईंना भात कमी करून भाकरी, उसळ, भाजी जास्त असं ताट चांगलं, पण शुगरमुळे किडनीवर परिणाम झालेला असेल तर डाळी किती घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारूनच.

नंदगडचा_शेतकरी:
मास्तरीणबाईंनी हिशोब छान सांगितला. मी खानापूर तालुक्यातला, आमच्याकडे घाटाच्या बाजूला मटण पूर्वीपासून सणाला, जत्रेला आणि पाहुणा आला तरच, एरवी हुलगे म्हणजे कुळीथ, नाचणी, चवळी आणि भात. म्हातारी माणसं याच्यावर नव्वदीपर्यंत शेतात गेली.

हुलग्याचं सांगतो कारण शहरात हल्ली कुणी करत नाही. रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग जास्त पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या. ते पाणी गाळून घ्यायचं, त्याचं सार करायचं, लसूण ठेचून फोडणी, आमसूल, चटणी, जरासा गूळ. थंडीत-पावसात ते गरम सार आणि भात असला की दुसरं काही नको. आणि खाली राहिलेल्या हुलग्यांची कांदा-खोबरं घालून सुकी उसळ. एकदा गॅस लावला आणि दोन पदार्थ झाले. गॅसचा पण हिशोब धरा ना, भिजवलेलं कडधान्य निम्म्या वेळात शिजतं, न भिजवता लावलं की सिलिंडर लवकर संपतो.

नाचणीची भाकरी आठवड्यात दोन-तीनदा करा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं असं आमच्या इथल्या आरोग्य केंद्रात सांगतात, दुधापेक्षा किती तरी जास्त. सकाळी आंबील ताकातली, चहा-बिस्किटाचा खर्च पण वाचतो.

खरेदीचं. किराणा दुकानातून अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या आणू नका, सर्वात महाग तेच पडतं. मसूर, हरभरा फेब्रुवारी-मार्चला निघतो, तूर जानेवारीपासून, मूग गणपतीच्या सुमारास. त्या वेळेला शेतकऱ्याकडून नाहीतर बेळगावच्या रविवार पेठेत होलसेलला पाच-दहा किलो घ्यायचं. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर आणखी चांगलं, शेजारणी तयार होतात. बटाटा आणि रताळी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली दसऱ्याच्या आसपास बाजारात येतात, तेव्हा स्वस्त असतात. रताळी उकडून मुलांना संध्याकाळी दिली की ते कुरकुरे-चिप्सचं पाकीट बंद होतं.

आणि एक. उन्हाळ्यात फणसाची कुयरी, पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला यांना आमच्याकडे कुणी पैसे देत नाही. शहरात पण परसात शेवगा आणि अळू लावता येतं. रानातली अळंबी मात्र जाणकार माणसानं ओळखून दिली तरच खायची, त्यात विषारी पण असतात.

टिळकवाडी_टिफिनवाली:
मी डबे करते म्हणून रेशनच्या तांदळाचं मी सांगते. तो भात मोकळा होत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण डोशाला तो एकदम चांगला. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, मूठभर हरभरा डाळ, मूठभर पोहे, चमचाभर मेथ्या, सकाळी भिजवून संध्याकाळी वाटायचं, दुसऱ्या दिवशी नाश्ता तयार. उरलेल्या पिठाचे संध्याकाळी कांदा-मिरची घालून आप्पे. जुना तांदूळ असेल तर धुऊन सावलीत वाळवून दळून आणा, तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी, कोकणातल्या माणसासारखं जेवण होतं. मुगाची डाळ घालून खिचडी, वर फोडणीचा लसूण आणि पापड, ती वारादिवशी संध्याकाळी. माझ्या डब्याच्या गिऱ्हाइकात अर्धे मांसाहारी आहेत पण बुधवारी अख्खा मसूर असला की कुणी सुट्टी घेत नाही.

अजून एक सांगते, शिळी भाकरी टाकू नका, कुस्करून फोडणी दिली की धाकट्याची आवडती होईल.

अनगोळची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल काकूंच्या पद्धतीनं मसूर केला, कांदा खरंच तांबूस होईपर्यंत थांबले. सासरे काही बोलले नाहीत पण भाकरी जास्त मागितली आणि वाटीत परत रस्सा घेतला, मिस्टरांनी सकाळी विचारलं डब्याला राहिलाय का. धाकट्यानं शेंगाची चटणी आणि दही खाल्लं, मसूर दोन घास, म्हणजे तिथं अजून वेळ लागेल.

चिकोडीकर दादांचं पटलं, मटण एकदम बंद न करता पंधरा दिवसातून अर्धा किलो बटाटा घालून असं ठरवलं, अंडी चालूच ठेवणार. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे आले की त्यातून रविवार पेठेतून एकदम कडधान्य आणायचं असं सासूबाई आणि मी बोललोय. दोन प्रश्न राहिले. एक, सासऱ्यांना कडधान्यानं पोट फुगतं, त्यांना काय द्यावं? आणि दुसरं, दहा किलो आणलं तर पावसाळ्यात कीड लागते त्याला काय करता? आमचं घर खाली आहे, ओल येते.

वडगावची_काकू:
भिजवलेलं पाणी टाकून दे आणि नव्या पाण्यात शिजव, शिजताना हिंग आणि आल्याचा तुकडा घाल. सुरुवातीला त्यांना मूग आणि मसूरच दे, ते हलके, वाटाणा-हरभरा-पावटा नंतर थोडा थोडा. आणि रात्री नको, दुपारी दे. जेवण झाल्यावर ओवा चिमूटभर चावायला सांग. त्रास सारखाच होत राहिला तर मात्र दवाखान्यात दाखव.

नंदगडचा_शेतकरी:
किडीला आधी ऊन. मे महिन्यात दोन दिवस कडक उन्हात गच्चीवर पातळ पसरून वाळवायचं, संध्याकाळी आत आणून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं, गरम भरलं की आत घाम धरतो आणि तिथूनच सुरुवात होते. तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल हाताला लावून चोळायचं, वापरायच्या वेळी धुतलं की जातं. अख्ख्या कडधान्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला, ओला अजिबात नको. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, तुमच्याकडे ओल येते म्हणताय ना. दहा किलो एकाच डब्यात भरू नका, रोज उघडायचा छोटा वेगळा ठेवा आणि मोठा महिन्यातून एकदा. श्रावणात एकदा ऊन पडलं की परत बघून घ्या, दाण्याला भोक दिसलं तर तेवढा भाग लगेच वेगळा काढायचा.

मसूर घ्यायला जाल तेव्हा दाताखाली एक दाणा फोडून बघा, कट्ट आवाज आला तर वाळलेला आहे, दबला तर ओला आहे, तो घेऊ नका.